टक् आवाज येतो पण पंखा ऐकत नाही: स्मार्ट रिलेतला बिघाड कसा शोधायचा

मोबाईलवरून पंखा बंद केला, टक् आवाज आला, पाती मंदावायला लागली आणि पाच-सहा सेकंदांनी परत टक्, पंखा आपोआप चालू! आणि हे दरवेळी नाही, दहापैकी तीन-चार वेळाच. मी आधी ॲपवर संशय घेतला, मग राऊटर रीस्टार्ट केला, मग अख्खं मॉड्यूल (वायफायची चिप आणि रिले असलेला बोर्डातला छोटा सर्किटबोर्ड) बदललं, तर नव्या मॉड्यूलनेही तेच केलं. कारण निघालं पंख्याच्या वाइंडिंगमधे, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीत, आणि ते का ते सांगायचंय, पण त्यासाठी आधी रिलेच्या पोटात काय असतं ते बघावं लागेल.

रिले ही तारयंत्राच्या काळातली गोष्ट, जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमाराला एका सर्किटमधल्या इलेक्ट्रोमॅग्नेटने दुसरं सर्किट चालू-बंद करून दाखवलं होतं, आणि आजच्या त्या निळ्या चौकोनी डबीतही तेच तत्त्व आहे. एका बाजूला कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, तिला ५ व्होल्ट दिले की ती चुंबक बनते आणि लोखंडी पट्टी ओढून घेते, पट्टीच्या टोकाचा पॉइंट दुसऱ्या पॉइंटला चिकटतो आणि २३० व्होल्टचा रस्ता जोडला जातो. टक् आवाज त्या पट्टीचा. म्हणजे एका डबीत दोन वेगळी जगं आहेत, अलीकडे वायफाय, चिप, ५ व्होल्ट आणि पलीकडे फेज, पंखा, २३० व्होल्ट. टक् आवाज ही दोघांमधली सीमारेषा. म्हणून बिघाड शोधताना मीटर हातात घ्यायच्याही आधी कान द्या. टक् येत नसेल तर बिघाड अलीकडे, टक् येऊनही पंखा ऐकत नसेल तर बहुतेक वेळा पलीकडे. एवढं जरी केलं तरी निम्मं काम होतं.

अलीकडचं आधी. या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ५ व्होल्टला ७० मिलीॲम्पिअर घेते, आणि ईएसपी८२६६ सारख्या वायफाय चिपची एक पिन जेमतेम १२ मिलीॲम्पिअर देऊ शकते, म्हणून मधे ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, असतो आणि कॉइलचा करंट थेट सप्लायमधून येतो. आता चार रिले एकदम चालू झाले तर २८० मिलीॲम्पिअर तिथेच गेले, त्यात वायफाय सिग्नल पाठवताना चिप क्षणभर ३०० च्या आसपास ओढते, आणि सप्लाय ६०० मिलीॲम्पिअरचा असला तरी तो जुना किंवा गरम झालेला असेल तर व्होल्टेज खाली बसतं. लक्षण ओळखीचं आहे, पहिला रिले नीट, दुसरा नीट, तिसरा लावला की सगळं रीस्टार्ट. किंवा रिले टक् करण्याऐवजी किरकिरतो, कारण पट्टी ओढायला साधारण पावणेचार व्होल्ट तरी लागतात आणि सप्लाय त्याच्या वरखाली होत असतो. अशा वेळी प्रोग्राम तपासत बसू नका, सप्लाय बदलून बघा.

अजून एक भानगड म्हणजे उलटा रिले. बरीच मॉड्यूल पिन शून्यावर नेली की चालू होतात आणि वर नेली की बंद, म्हणून ॲपमधे ऑन तर पंखा ऑफ असं दिसतं, ते सेटिंगमधे उलटवलं की झालं. पण मॉड्यूलला ५ व्होल्ट आणि चिपची पिन ३.३ ची असेल तर पिन पूर्ण वर नेऊनही १.७ व्होल्टचा फरक उरतो आणि काही मॉड्यूलमधे तेवढ्यावर रिले धड सुटत नाही. त्यासाठी मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी नावाचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तो काढून कॉइलला ५ व्होल्ट आणि सिग्नलच्या बाजूला ३.३ द्यायचे. आणि लाईट आल्यावर पंखा क्षणभर उडी मारत असेल तर पिन चुकीची निवडली आहे, ईएसपी८२६६ मधे ०, २ आणि १५ या पिना बूट होताना वापरल्या जातात, तिथे रिले लावू नये, ४ किंवा ५ बरी.

वायफायचं फार बोलत नाही. यातली बहुतेक मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर सिग्नल आतच अडकतो.

आता पलीकडचं जग, आणि इथे हात लावायच्या आधी एमसीबी खाली, टेस्टरने खात्री, मगच स्क्रूड्रायव्हर. अनेक तयार स्मार्ट स्विचमधे आतलं ५ किंवा ३.३ व्होल्टचं सर्किट मेनपासून वेगळं केलेलं नसतं, त्यामुळे मेन चालू असताना लॅपटॉपची केबल त्याला कधीच लावायची नाही, लॅपटॉप तर जाईलच पण माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

टक् येतंय पण पंखा फिरत नाही, नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलला की सुरू होतो? मग रिलेला सोडा, पंख्याचा कंडेन्सर गेलाय. छताच्या पंख्यात हा साधारण २.५ मायक्रोफॅरॅडचा असतो आणि झिजत झिजत त्याची क्षमता कमी होते. माझ्या मते रिलेवर ढकलले जाणारे अर्धे आरोप खरं तर या कंडेन्सरचे आहेत. उलट, बंद केला तरी पंखा चालूच राहत असेल तर पॉइंट वितळून चिकटलेत. डबीवर टिचकी मारली की सुटतात कधीकधी, पण तो रिले परत वापरू नका, बदलाच.

इथे एक प्रश्न पडतो. रिलेवर १० ॲम्पिअर लिहिलंय आणि ७५ वॉटचा पंखा घेतो फक्त एक तृतीयांश ॲम्पिअर, मग पॉइंट चिकटतातच कसे? उत्तर स्पीडमधे आहे. रिलेने स्पीड बदलणारी मॉड्यूल पंख्याच्या वाटेत वेगवेगळे कंडेन्सर जोडतात. एक कंडेन्सर चार्ज असताना त्याला समांतर दुसरा रिकामा जोडला तर पहिला त्याच्यात एकदम ओततो, मधे फक्त तारेचा रेझिस्टन्स, आणि फुल स्पीडचा रिले तर चार्ज झालेल्या कंडेन्सरची दोन टोकंच जोडून टाकतो. मेनचं शिखर ३२५ व्होल्टचं, त्यामुळे काही मायक्रोसेकंद का होईना पण कित्येक ॲम्पिअर वाहतात आणि पॉइंटचा धातू वितळायला तेवढं पुरतं. उपाय म्हणजे प्रत्येक कंडेन्सरच्या वाटेत काही ओहमचा रेझिस्टर, कंडेन्सरच्या दोन टोकांना २२० किलोओहमचा दुसरा म्हणजे चार्ज उतरत राहील, आणि प्रोग्राममधे आधी सगळे रिले बंद, दीड-दोन सेकंद थांबून मग पुढचा चालू.

आणि आता माझा पंखा. वाइंडिंग म्हणजे मोठी कॉइल, करंट वाहत असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते आणि पॉइंट उघडले की ती ऊर्जा वाट शोधते, व्होल्टेज उसळून शेकडो व्होल्टपार जातं, पॉइंटमधल्या हवेतून ठिणगी पडते, विझते, परत पडते. त्या ठिणगीचा गोंगाट शेजारच्या बारीक तारांमधे शिरतो आणि चिप गोंधळून रीस्टार्ट होते. माझ्या मॉड्यूलमधे सुरू होताना रिले ऑन ठेव अशी सेटिंग होती, त्यामुळे रीस्टार्ट झाला की पंखा चालू! आणि दरवेळी का नाही, तर ५० हर्ट्झला करंट सेकंदात १०० वेळा शून्यातून जातो, पॉइंट शून्याच्या जवळ उघडले तर ठिणगी नगण्य आणि शिखराजवळ उघडले तर मोठी, आणि आपलं बोट कुठल्या क्षणी पडेल ते कोण ठरवणार.

पक्कं करायला पंख्याच्या जागी जुना फिलामेंटचा बल्ब लावला, पन्नास वेळा चालू-बंद केला, एकदाही रीस्टार्ट नाही, कारण बल्बमधे साठवलेली ऊर्जा जवळजवळ नसतेच. मग स्नबर लावला, म्हणजे ती उसळी शोषून घेणारी जोडी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर एकापाठोपाठ, कंडेन्सर एक्स२ प्रकारचाच, कारण तो मेनवर कायम राहण्यासाठी बनवलेला असतो आणि साधा तिथे फुटू शकतो. लावायचा पंख्याच्या दोन टोकांना. रिलेच्या पॉइंटला लावला तरी ठिणगी कमी होते, पण तेव्हा रिले बंद असतानाही त्यातून साधारण ७ मिलीॲम्पिअर झिरपत राहतात, पंखा तेवढ्यावर फिरत नाही पण त्याच बोर्डावर नंतर कोणी एलईडी दिवा जोडला तर तो बंद असूनही मिणमिणेल, आणि पुढचा माणूस परत पहिल्यापासून शोधत बसेल.