सीटची उंची आणि डावं पायडल

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. आता रस्त्यावरच्या सायकली कमी झाल्या आणि गॅलरीत जागच्या जागी फिरणाऱ्या वाढल्या. पावसाळ्यातले खड्डे पाहता त्यात गैर काहीच नाही. पण व्यायामाच्या या सायकलने गुडघे धरले असं कोणी म्हणालं, की आधी सीट बघावी. बऱ्याचदा ती फार खाली असते, कारण पाय जमिनीला टेकायला हवेत ही रस्त्यावरची सवय घरातही सुटत नाही. इथे सिग्नल लागणार नाही. पाय टेकवायचे कशाला?

गुडघा जास्त वाकलेला असताना जोर लावला, की त्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत हेच होतं आणि गुडघा पुढून, वाटीभोवती दुखू लागतो. सीट फार वर असेल तर तळाचं पायडल गाठायला कंबर डावी-उजवी डोलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते.

योग्य उंची शोधायला टाच पुरते. सीटवर बसून एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवला, की तळाशी गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहतो. टेप लावायची हौस असेल, तर हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांचं १९६७ सालचं माप आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर गुणिले १.०९. म्हणजे ८० सेंटीमीटरला सीटच्या माथ्यापासून तळाच्या पायडलपर्यंत सुमारे ८७. पण ते थोड्या वेळच्या जोरदार पायडलिंगवरून काढलेलं आहे. घरी टाचेवर विसंबलेलं बरं. सीटच्या दांड्याला ठरावीक अंतरावर भोकं असतात. माप दोन भोकांच्या मध्ये आलं, तर कंबर डोलत नाही तोवर वरचं घ्यावं. घरात चालवणारे तिघं असतील तर तीन रंगांच्या नेलपॉलिशने खुणा करून टाका. हँडल सुरुवातीला उंचच ठेवा, पाठ सुखी राहते.

जोडणी करताना खरी गंमत डाव्या पायडलला आहे. त्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. पायडलवरची एल, आर ही अक्षरं म्हणूनच आधी बघायची. कारण असं: आट्यांत केसाएवढी फट राहतेच. क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडा, फिरताना आपल्या पायाचा दाब त्या भोकाच्या कडेने गोल फिरत जातो आणि पायडलचा आस आत किंचित घरंगळतो, दाब फिरतो त्याच्या उलट दिशेला. दोन्हीकडे सरळ आटे ठेवले असते, तर उजवं पायडल घट्ट होत गेलं असतं आणि डावं चालवता चालवता निघून आलं असतं. हे माहीत नसताना डावं पायडल सरळ दिशेने जबरदस्तीने पिळलं, की क्रँकचे आटे जातात. मग बऱ्याचदा क्रँकच बदलावी लागते. सुरुवातीचे आटे हाताने बसवावेत आणि शेवटी पाना लावावा. आठवड्याभराने पुन्हा एकदा आवळून घ्यावं.

आणि सायकल गॅलरीत ठेवणार असाल, तर तिथल्या फरशीला पाणी जायला उतार असतो. सायकल डुगडुगत असेल तर बहुतेक मॉडेलांत पायांखालच्या टोप्या फिरवून ती समतल करता येते.