स्कॉटलंडच्या उत्तरेत मोटरसायकल चालवायची आहे? आधी स्वतःचं लायसन्स उलटून बघा

इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिमेला ॲपलक्रॉसचा घाट चढायचा, उल्लापूल, डरनेस, जॉन ओ'ग्रोट्स करत उत्तरेचा सगळा किनारा धरून परत इन्व्हर्नेसला यायचं. हा 'नॉर्थ कोस्ट ५००' नावाचा रस्ता, ५१६ मैलांचा, म्हणजे साधारण ८३० किलोमीटरचा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे भारतातून जाणाऱ्यांना हा रस्ता परका वाटत नाही. म्हणूनच बहुतेकजण विमानाची तिकिटं आधी काढतात आणि कागद मागाहून बघतात. अडकतात ते तिथेच.

कायदा काय म्हणतो ते आधी. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्याला आपल्या देशाच्या पूर्ण आणि मुदतीतल्या लायसन्सवर कार किंवा मोटरसायकल १२ महिने चालवता येते. अट एकच, त्या प्रकारच्या वाहनाची नोंद लायसन्सवर हवी. आपलं कार्ड इंग्रजीत असतं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, कायद्याने लागतोच असं नाही. पण भाड्याने गाडी देणारे आणि त्यांच्या विमा कंपन्या तो सर्रास मागतात. बुकिंगच्या अटींत ते लिहिलेलं असेल, तर तिथे काउंटरवर कायदा समजावून काही होत नाही. गाडी त्यांची, अट त्यांची. म्हणून तो काढाच.

आता लायसन्स. नव्वद टक्के लक्ष व्हिसावर असतं आणि घोळ निघतो तो इथे.

कार्डाच्या मागे वाहनांचे प्रकार छापलेले असतात. तिथे 'एमसीडब्ल्यूजी' हवं, म्हणजे गिअरवाली मोटरसायकल. 'एमसीडब्ल्यूओजी' म्हणजे बिनगिअरची, ती नोंद स्कूटरपुरती. आणि नुसतंच 'एलएमव्ही' असेल तर ते फक्त कारचं लायसन्स. वर्षानुवर्षं बुलेट चालवणाऱ्यांच्या कार्डावर मोटरसायकलची नोंदच नाही, असं सापडतं, कारण इतकी वर्षं कुणी कार्ड उलटून पाहिलेलंच नसतं. ती नोंद वाढवायची म्हणजे नवं लर्निंग, त्यानंतर किमान ३० दिवस थांबणं, मग टेस्ट, मग कार्ड येण्याची वाट. दोन महिने धरूनच चाला.

दुसरी अडचण मुदतीची. लायसन्स संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते, हे अजून पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून लायसन्स बाद. त्याच दुरुस्तीने नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, तेव्हा सहलीच्या आसपास तारीख येत असेल तर आत्ताच करून टाका. मात्र नव्या कार्डावर नव्या तारखा येतात, आणि 'किमान दोन वर्षं जुनं लायसन्स हवं' अशी अट घालणाऱ्याला तुमचं कार्ड कालचं वाटू शकतं. त्यासाठी सारथी पोर्टलवरून, म्हणजे परिवहन खात्याच्या लायसन्सच्या वेबसाइटवरून, लायसन्सचा उतारा, 'डीएल एक्स्ट्रॅक्ट', काढून जवळ ठेवा.

तिसरी गोष्ट नावाची, आणि हे दुखणं खास आपल्याकडचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. लायसन्सवर कधी आडनाव आधी, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईंचं लायसन्स माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. शब्दांचा क्रम वेगळा असला तर सहसा चालून जातं, पण आडनावच वेगळं असेल तर नाही. पासपोर्टमध्ये बदल करत बसू नका, व्हिसा त्याच्यावर आहे. नावाची दुरुस्ती लायसन्समध्ये करून घ्या.

जुनं पुस्तकी लायसन्स असेल तर त्याचा नंबर सारथीवर टाकून बघा. माहिती दिसली नाही, तर आरटीओत जाऊन 'बॅकलॉग एंट्री', म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत ऑनलाइन कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही.

व्हिसा 'स्टँडर्ड व्हिजिटर' प्रकारचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. फॉर्म, शुल्क, अपॉइंटमेंट यात कठीण काही नाही. नाकारले जातात ते दोन गोष्टींवरून. एक, अर्जाच्या आधी खात्यात अचानक आलेले चार-पाच लाख. पैसे कुणाकडून, कशाचे, हे कागदाने दाखवता आलं नाही तर ती रक्कम तुमच्या बाजूने नाही, तुमच्या विरोधात जाते. दुसरं, ८३० किलोमीटर तीन दिवसांत दाखवणारा कार्यक्रम. तो रस्ता पुष्कळ ठिकाणी एकाच गाडीपुरता रुंद आहे, समोरून कुणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबावं लागतं. सहा-सात दिवस दाखवा आणि गाडीचं भाडं, अनामत, पेट्रोल धरून खर्च लिहा. तुमच्या पगाराशी तो जुळला पाहिजे.

आणि सातबारा. घरची शेती आहे, इकडे परत यायचं कारण आहे, हे दाखवायला लोक सातबारा जोडतात. कल्पना बरोबर आहे, पण तो मराठीत असतो. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित भाषांतर लागतं, त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता मराठी सातबारा जोडणं म्हणजे तो न जोडल्यासारखंच.

आयडीपीचा अर्ज सारथीवरूनच, नमुना ४अ, शुल्क १,००० रुपये. लायसन्स आणि पासपोर्ट मुळातून दाखवावे लागतात. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा या दोन्ही अटी काढल्या. तरी खिडकीवर 'व्हिसा कुठाय?' हा प्रश्न येतोच. वाद घालायचा तर घाला, बाजू तुमचीच खरी आहे, पण अर्धा दिवस जातो आणि काम होईलच असं नाही. त्यापेक्षा क्रम असा ठेवा: लायसन्सची दुरुस्ती चार-पाच महिने आधी, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावर लगेच आयडीपी. दोन्ही एकदम करायला गेलात तर पासपोर्ट व्हिसा केंद्रात अडकलेला असू शकतो आणि आरटीओला मूळ पासपोर्ट दाखवायचा असतो.

फार आधी काढूनही उपयोग नाही. आयडीपीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. वाढवून मिळत नाही, नवा काढावा लागतो. तीन वर्षांचा 'इंटरनॅशनल लायसन्स' घरपोच देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका.

परवाना हातात आला की खिडकीसमोरून हलायच्या आधी उघडा. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे त्यात वाहनांचे वर्ग अक्षरांनी दिलेले असतात. 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. अर्जात दोन्ही असूनही 'बी'वरच शिक्का, असं होतं. घरी आल्यावर लक्षात आलं तर पुन्हा रांग, तिकडे गेल्यावर लक्षात आलं तर कार भाड्याने घ्यायची. आयडीपी एकटा चालत नाही, सोबत मूळ कार्ड लागतंच. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिकडे कुणी धरत नाही.

गाडी बुक करताना कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: किमान वय किती, लायसन्स किती जुनं हवं, आणि अनामत चालवणाऱ्याच्याच नावच्या क्रेडिट कार्डवर लागते का. प्रवास विम्यात मोटरसायकलचं कलम वाचा. अनेक पॉलिसी १२५ सीसीच्या वर हात वर करतात.

हेल्मेट इथून नेत असाल तर हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी बघा. गोलात 'ई' आणि त्यापुढे आकडा, म्हणजे ईसीई २२.०५ किंवा २२.०६ हे युरोपातलं हेल्मेटचं मानक, ते तिथे चालतं. नुसता आयएसआय शिक्का असलेलं चालत नाही. ते घरीच ठेवा आणि गाडीसोबत हेल्मेटही भाड्याने मागा, माप आधी कळवून.