घरगुती वाय-फाय ॲक्सेस पॉइंट : उभारणी आणि सुरक्षा

घरातील मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे यांना तारेविना इंटरनेटशी जोडणारे छोटे रेडिओ-केंद्र म्हणजे ॲक्सेस पॉइंट. त्याच्या एका अंगाला तारेचे जाळे असते आणि दुसऱ्या अंगाने ते रेडिओलहरींवरून आसपासच्या उपकरणांशी बोलते. बोलण्यात सगळ्यालाच ‘राउटर’ किंवा ‘वाय-फायचा डबा’ म्हणतात आणि त्यात फारशी चूकही नाही. फायबर जोडणी घेतल्यावर भिंतीवर बसतो त्या पांढऱ्या डब्यात बहुधा सगळेच एकत्र असते : प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारा ओएनटी, बाहेरून मिळालेला इंटरनेटवरचा एकच पत्ता घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देणारा राउटर, तारा खोचायच्या खाचांचा स्विच आणि ॲक्सेस पॉइंट. एकच डबा असेपर्यंत हा फरक जाणवत नाही. वरच्या मजल्यासाठी दुसरा आणला की मात्र तो समजून घ्यावा लागतो.

या तंत्राचे मूळ मानक, अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेचे ८०२.११, १९९७ मध्ये आले. १९९९ मधील ८०२.११बी या आवृत्तीने सेकंदाला ११ मेगाबिट वेग दिला आणि वाय-फाय घराघरांत पोचायला सुरुवात झाली. पुढे २००३, २००९ आणि २०१३ मध्ये जी, एन आणि एसी या आवृत्त्या आल्या. भारतात रेडिओलहरींचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली मोकळीक वाढवण्यात आली. आज दुकानात मिळणारा साधा डबाही बहुधा दोन्ही पट्ट्यांवर चालतो.

जागा

फायबरवाला डबा कुठे लावतो? जिथे त्याची तार संपते तिथे. म्हणजे दाराच्या वर, माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या कपाटाच्या तळाशी. नंतर वर्षभर आतल्या खोलीत ‘रेंज नाही’ म्हणून कुरबुर चालते. रेडिओलहरींना लाकडी दार किंवा पडदा फारसा आड येत नाही. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी आणि सळ्या घातलेला स्लॅब मात्र त्यांना अडवतात. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्‌झची लहर दुसऱ्याच खोलीत दम तोडते, २.४ची थोडी पुढे जाते, पण तिचा वेग कमी असतो. म्हणून डबा घराच्या मध्याजवळ, डोक्याएवढ्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. जोडणी घेतानाच फायबरची तार पाच-दहा मीटर जास्त ओढून मागावी. नंतर ती वाढवणे कटकटीचे असते, आणि काचेची तार कोपऱ्यात करकचून वाकवली तर आतून तुटते.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये भारतात १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे लहान भाग, वापरता येतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांपासून सुटे असे नेहमीचे त्रिकूट म्हणजे १, ६ आणि ११. इमारतीत वीस घरांचे डबे एकाच हवेत बोलत असतील, तर मोबाइलवर वाय-फाय तपासणारे एखादे ॲप उघडून या तिघांत कमी गर्दीचे कोणते ते पाहावे. ४ किंवा ८ निवडून मधली वाट काढणारा दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते. दूध गरम होईपर्यंत व्हिडिओ अडखळतो तो त्यामुळेच.

दुसरा डबा जोडताना

दुमजली घरात एक डबा पुरत नाही. अशा वेळी बरेच जण खाचेत खोचायचा रिपीटर आणतात. साधा रिपीटर ऐकणे आणि पुढे सांगणे एकाच रेडिओवर करतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यापेक्षा घरात पडून असलेला जुना राउटर कामाला लावावा. त्याची रीत अशी : आधी तो लॅपटॉपला तारेने जोडून त्याच्या सेटिंगच्या पानावर जायचे. मुख्य डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा. मग त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचे. शेवटी मुख्य डब्यातून आणलेली कॅट-६ तार याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत घालायची, निराळ्या रंगाच्या ‘वॅन’ खाचेत नाही. आता हा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट झाला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला आणि चॅनेल वेगळे ठेवले, तर जिना चढताना मोबाइल आपोआप खालचा डबा सोडून वरचा धरतो. डीएचसीपी बंद करायचे राहिले तर एका घरात दोघे पत्ते वाटत बसतात, आणि ‘वाय-फाय आहे पण नेट नाही’ ही जुनी तक्रार सुरू होते.

कुलपांचा इतिहास

तार भिंतीच्या आत राहते. लहर भिंत ओलांडून जिन्यात, गच्चीवर आणि रस्त्यावर जाते. वाय-फायच्या सुरक्षेचा सारा प्रश्न एवढ्यातच आहे. पहिले कुलूप डब्ल्यूईपी. त्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत जाणारा बदलता अंक फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यतांचा होता. गर्दीच्या जाळ्यावर तो काही तासांत पुन्हा तोच येऊ लागे. २००१ मध्ये फ्लूहरर, मँटिन आणि शमीर यांनी त्याची कमजोरी दाखवली, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी मिनिटाच्या आत चावी काढून दाखवली. मधल्या काळात, २००३ मध्ये, डब्ल्यूपीए हे डागडुजीचे कुलूप आले. २००४ मध्ये आलेले एईएस कूटलेखनाचे, म्हणजे माहिती गुप्त लिपीत बदलण्याच्या पद्धतीचे, डब्ल्यूपीए२ आजही बहुतेक घरांत आहे. २०१७ मध्ये माथी व्हानहुफ यांनी त्याच्या जोडणीच्या पद्धतीतली ‘क्रॅक’ ही त्रुटी दाखवली. ती दुरुस्त्यांनी बुजवता आली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले.

उघड्या जाळ्याचा धडा महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या इंटरनेट जोडणीवरून निघाला होता. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची कसून चौकशी झाली. त्याचे वाय-फाय बाहेरच्यांनी वापरले होते. त्यानंतर माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या जाळ्याचा असाच गैरवापर झाला. २००९च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, तर फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना सुरक्षित वाय-फायबद्दल सूचना दिल्या. दुसऱ्याच्या जाळ्यात विनापरवानगी शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा प्रकार आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पोलीस आधी दार वाजवतात ते ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचेच.

मोबाइल नंबरचा पासवर्ड

आज उघडे वाय-फाय क्वचित दिसते. त्याची जागा घेतली आहे घरच्या मोबाइल नंबरने. जोडणी द्यायला आलेला मुलगा विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ आणि घरचे सांगतात, ‘बाबांचा नंबर टाक.’ दहा आकडे आहेत, म्हणजे पासवर्ड चांगला लांब आहे, असे वाटते. तो तसा नाही, आणि का नाही हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

डब्ल्यूपीए२ मध्ये मोबाइल जाळ्याला जोडला जाताना डबा आणि मोबाइल चार निरोपांची देवाणघेवाण करतात. पासवर्ड स्वतः हवेतून जात नाही. पण जे जाते ते टिपून ठेवणाऱ्याला, मनात धरलेला एखादा पासवर्ड बरोबर की चूक, हे घरी बसून ताडून पाहता येते. एकदा हे चार निरोप टिपले की पुन्हा तुमच्या दारापाशी यायची गरज नाही आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादाही नाही. निरोप मिळवायला तासन्‌तास थांबावेही लागत नाही. डब्याच्या नावाने खोटा ‘जोडणी तोड’ निरोप सोडला की मोबाइल तुटतो, लगेच परत जोडला जातो, आणि ते चार निरोप हवेत येतात. घरातल्याला वाटते, क्षणभर नेट गेले.

आता आकडेमोड. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे सगळे धरून जास्तीत जास्त ४०० कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासते. भागाकार केला तर ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासही नाही. आणि नंबर दुकानाच्या पाटीवर किंवा सोसायटीच्या फलकावर लिहिलेला असेल तर तेवढाही वेळ नको. ही नुसती कागदावरची भीती नाही. २०२१ मध्ये इस्रायलमधल्या इडो हूर्विच या संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० जाळ्यांची माहिती टिपली आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. पुष्कळ घरांनी मोबाइल नंबर ठेवला होता, हेच त्याचे मोठे कारण.

देवाचे किंवा मुलाचे नाव आणि पुढे १२३ किंवा जन्मसाल, हाही मार्ग तितकाच कच्चा, कारण पासवर्ड फोडणाऱ्यांच्या तयार याद्यांत अशीच नावे आधी असतात. उपाय सोपा आहे. पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत लांब ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत : खलबत्ता, पागोळी, रिक्षा अशा जातीचे. मात्र एखादी म्हण किंवा गाण्याची ओळ घेऊ नये. जाडजूड शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडला तर उत्तम. दोन हजार शब्दांच्या यादीतून असे पाच शब्द निघाले, तर त्याच ग्राफिक्स कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला हजार वर्षे लागतील. आणि आजीला लक्षात ठेवायलाही ते आठ सटरफटर चिन्हांपेक्षा सोपे जातात. पाहुण्यांना सांगायचा कंटाळा येत असेल तर मोबाइलवर क्यूआर कोड दाखवता येतो.

डब्ल्यूपीए३ मध्ये ही टिपून नेऊन घरी ताडण्याची सोयच काढून टाकलेली आहे. प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष डब्यासमोरच करावा लागतो. जुने टीव्ही आणि स्वस्त स्मार्ट दिवे त्याला जोडले जात नाहीत, म्हणून बहुतेक डब्यांत २ आणि ३ एकत्र चालवण्याची सोय असते. तसे चालवताना जुनी उपकरणे डब्ल्यूपीए२ नेच जोडली जातात, त्यामुळे लांब पासवर्ड लागतोच.

बाकीची दारे

डब्याला स्वतःचाही एक पासवर्ड असतो, सेटिंगच्या पानाचा. तो तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, आणि पुष्कळ घरांत आजही ‘ॲडमिन’ आणि पुढे पुन्हा ‘ॲडमिन’ असाच आहे. वाय-फायचा पासवर्ड बदलला म्हणजे हा बदलत नाही. हा ज्याच्या हाती लागेल तो संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेचे पत्ते बदलून तुम्हाला बँकेच्या नावाच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. २०१६ मधल्या ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर पकडले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच. त्याच पानावर बाहेरून डबा चालवण्याची सोय असते. ती बंद ठेवावी आणि फर्मवेअरचे, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रणालीचे, अपडेट चालू ठेवावे.

बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. तिच्यात पासवर्डऐवजी चालणारा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यातून डबा पहिले चार आणि उरलेले आकडे वेगवेगळे तपासतो. एक कोटीऐवजी १०,००० अधिक १,०००, म्हणजे अवघे ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये श्टेफान फीब्योक यांनी दाखवून दिले.

दोन लोकप्रिय उपाय मात्र सोडून द्यावेत. जाळ्याचे नाव लपवल्याने काही लपत नाही. मोबाइल जोडला जाताना ते नाव हवेतून जातेच. उपकरणांच्या मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखक्रमांकांची, यादी करून बाकीच्यांना अडवणे ही तशीच वाया जाणारी मेहनत. तो पत्ता उघडा जातो आणि त्याची नक्कल करता येते. शिवाय आजचे मोबाइल स्वतःच बनावट पत्ता वापरतात, त्यामुळे अडतो तो आपलाच माणूस.

पाहुण्यांसाठी आणि कॅमेरे, टीव्ही, स्मार्ट प्लग यांच्यासाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे उघडावे. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड माहीत असलेल्याला त्याच जाळ्यावरच्या दुसऱ्याच्या जोडणीचे ते चार निरोप टिपून पुढची वाहतूक उलगडता येते. बँका आणि ॲप यांचे स्वतःचे कूटलेखन वरून असते म्हणून निभावते. तरी शिकवणीला येणारी मुले आणि घराचा हिशोब असलेला लॅपटॉप एका जाळ्यावर नसावेत.

काही बिघडले की रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायची सवय असते. फायबरच्या डब्याबाबत तसे करण्याआधी थांबावे. त्यात ऑपरेटरने भरलेले पीपीपीओईचे, म्हणजे त्याच्या जाळ्यात शिरण्याचे, नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे त्या जाळ्यातल्या विभागाचा, क्रमांकही पुसला जातो, आणि मग ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत नेट बंद. ही माहिती जोडणी घेतानाच वहीत लिहून घ्यावी. जुना राउटर भंगारात किंवा कोणाला देताना मात्र तीच टाचणी आठवणीने वापरावी, कारण वाय-फायचा पासवर्ड आणि जोडणीचे नाव त्याच्या पोटात तसेच राहिलेले असते.