चोऱ्या किती, गुन्हे किती?

इस्पितळात परिचारिकांच्या बसण्याच्या जागेवरून एकाने दोन पर्स लंपास केल्या. पर्स दोन, मालकिणी दोन. मग गुन्हा एक की दोन? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या अपील न्यायालयापुढे १९९७ साली हे प्रकरण आलं, ‘रिचर्डसन’ नावाने. गुन्हा एकच, असं न्यायालयाने ठरवलं.

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याच्या मुळाशी फाशीचा दोर आहे. इंग्लंडमध्ये १२७५च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून १२ पेन्स ही सीमारेषा चालत आली. त्यावरची चोरी ‘ग्रँड लार्सनी’ म्हणजे मोठी चोरी, तिला मृत्युदंड, खालची ‘पेटी लार्सनी’ म्हणजे किरकोळ चोरी. महागाई वाढत गेली, १२ पेन्स मात्र शतकानुशतकं तिथेच राहिले. त्यामुळे मालाची किंमत किती धरायची आणि कशात कशाची बेरीज करायची, यावर माणसाचा जीव अवलंबून असे. पुढे घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी, असा कायदा आला, तेव्हा ज्यूरीने आपला मार्ग काढला: माल कितीही असो, किंमत ३९ शिलिंग! ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अशा खोटेपणाला ‘पुण्याची खोटी शपथ’ या अर्थाचं नाव दिलं होतं. १८२७ साली इंग्लंडने ग्रँड-पेटी हा भेदच मोडीत काढला.

अमेरिकेतल्या राज्यांनी तो ठेवला. म्हणून बेरजेचं भांडणही तिथेच मुरलं. एका वेळी, एका जागेवरून उचललेल्या वस्तू वेगवेगळ्या मालकांच्या असल्या तरी चोरी एक, हे बहुतेक राज्यांनी मानलं. वेळ आणि जागा बदलली की खरी पंचाईत. रिचर्डसन प्रकरणात न्यायालयाने त्यासाठी जागा, मधला वेळ, हेतू, मालकांची संख्या आणि मध्ये काही घडलं का, एवढं तपासलं. त्यातही भर हेतूवर.

सगळ्यात गाजला तो १९६१चा कॅलिफोर्नियातला ‘बेली’ निकाल. एका बाईने घरची माहिती लपवून सरकारी मदतीचे हप्ते घेतले. सुटा हप्ता मोठ्या चोरीच्या तेव्हाच्या २०० डॉलरच्या मर्यादेपेक्षा कमी. बेरीज मात्र ३००० डॉलरच्या पुढे. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हेतू एक, ऊर्मी एक, बेत एक, म्हणजे मोठी चोरीही एकच. हा निकाल आरोपीच्या विरोधात होता, हे पुढे लोक विसरले. वकिलांनी तोच ढालीसारखा वापरला: बेत एक होता, मग आरोप वीस कशाला?

त्याच न्यायालयाच्या २०१४च्या ‘व्हिटमर’ निकालात ही ढाल मोडली. वाहनविक्रीच्या दुकानातल्या व्यवस्थापकाने खोट्या ग्राहकांच्या नावे मोटारसायकली वगैरे २० वाहनं बाहेर काढली होती. प्रत्येक वाहन स्वतःच मोठ्या चोरीच्या किमतीचं आणि प्रत्येक व्यवहार वेगळा, म्हणून योजना एक असली तरी गुन्हे वेगवेगळे, असं न्यायालयाने ठरवलं. पण गेली अनेक वर्षं खालची न्यायालयं उलट सांगत आली होती, तेव्हा नवा नियम या आरोपीला लावणं अन्यायाचं. त्याच्यापुरता एकच गुन्हा कायम राहिला. मला या निकालातला हाच भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेने साध्या चोरीला किमतीची रेषाच आखली नाही, त्यामुळे बेरजेचं भांडण फारसं पेटलं नाही. अफरातफरीत वर्षभराच्या रकमेची बेरीज करून एकच आरोप ठेवता येतो. चोरीत मात्र वर्षभरातले एकाच प्रकारचे तीन गुन्हे एका खटल्यात चालवता येत, खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ते पाच केले.

१ जुलै २०२४पासून रेषा मात्र आलीच. दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला चोर आणि माल किंवा किंमत परत, असं असेल तर शिक्षा समाजसेवेची. एकाच दुपारी बाजारात तीन हजारांचे दोन मोबाइल दोघांच्या खिशांतून गेले, तर मोजायचे तीन हजार की सहा? कलमात त्याबद्दल एक शब्द नाही.