वारंवार गर्भपात, अँटीबॉडी आणि २०२३ चे गुण

वारंवार गर्भपात झाले की अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (अँटीबॉडींमुळे रक्तात गुठळ्या आणि गर्भपात होतात तो आजार) शोधायला ज्या अँटीबॉडी टेस्ट लिहून देतात त्यांचं मूळ सिफिलिसच्या तपासणीत आहे. १९०६ च्या त्या टेस्टमधला खरा घटक १९४१ मधे बैलाच्या हृदयातून वेगळा काढला, म्हणून नाव कार्डिओलिपिन, 'कार्डिओ' म्हणजे हृदयाचं. पुढे लक्षात आलं की सिफिलिस नसलेल्या काही बायकांचीही टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि त्यातल्या काहींना ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, निघायचा.

यातल्याच काही अँटीबॉडींना दिलेलं 'ल्युपस अँटीकोॲग्युलंट' (म्हणजे ल्युपसमधलं, रक्त गोठू न देणारं) हे १९७२ चं नाव तर दोन्ही बाजूंनी फसवं. अनेकींना ल्युपस नसतोच, आणि नळीत रक्त उशिरा गोठतं, नॉर्मल प्लाझ्मा मिसळला तरी वेळ पूर्ववत होत नाही, पण शरीरात मात्र उलट गुठळ्या होतात. १९८३ मधे अँटीबॉडी मोजता यायला लागल्या, गुठळ्या आणि गर्भपात यांचा धागा जुळला. सुरुवातीला स्टिरॉइड दिले, मग अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. १९९७ च्या एका ट्रायलमधे नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के बाळं जिवंत जन्मली, हेपरिन जोडल्यावर ७१, नंतरच्या सगळ्या ट्रायलमधे मात्र एवढा फरक दिसला नाही.

खरा वाद या सिंड्रोमच्या २०२३ च्या निकषांचा आहे, म्हणजे संशोधनासाठी कोणाला हा आजार आहे असं धरायचं त्या नियमांचा. २००६ च्या निकषांत दहा आठवड्यांच्या आतले सलग तीन गर्भपात आणि बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह रिपोर्ट एवढं पुरायचं. आता गुण मोजतात, क्लिनिकल बाजूचे, म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष झालेल्या त्रासाचे, किमान तीन लागतात आणि या तीन गर्भपातांना मिळतो एक. विसाव्या आठवड्यात बाळ पोटात गेलं तरी एकच, आणि दोन्ही झालं तरी बेरीज होत नाही कारण एका गटातला सगळ्यात मोठा गुणच धरतात. चौतीस आठवड्यांआधी तीव्र प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढतो तो आजार) झाला तर मात्र थेट तीन. कारण दिलं जातं की सुरुवातीचे गर्भपात बहुतेक वेळा क्रोमोसोमच्या दोषाने होतात आणि संशोधनासाठी रुग्णांचा गट शुद्ध हवा. ते पटतंही, स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्यांना बरोबर बाहेर ठेवण्याचं प्रमाण, ८६ वरून ९९ टक्क्यांवर गेली. पण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण, ९९ वरून ८४ वर आली, आणि ज्या बायका यादीतून गळल्या त्यात मुख्यतः फक्त गर्भ गमावलेल्याच असणार. हे निकष निदानासाठी नाहीत असं स्पष्ट लिहिलंय, तरी पुढच्या औषधांच्या ट्रायलमधे कोणाला घ्यायचं ते यावरच ठरणार, आणि फक्त गर्भ गमावलेल्या बाईसाठी नवं औषध मग तपासणार कोण?