लाल एलईडी मास्क आणि शेकाचा लाल दिवा

गुडघेदुखीच्या वेळी आणलेला शेकाचा लाल दिवा पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असतो. माझ्या मावशीकडेही आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करणाऱ्या लाल प्रकाशाच्या मास्कची जाहिरात पाहिल्यावर तिने तो खाली काढला, पुसला आणि टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसली. पाच मिनिटांत गाल तांबडे झाले, वर्षानुवर्षांची धूळ जळल्याचा वास खोलीभर पसरला आणि तिने मला फोन करून विचारले, “हाही लालच आहे की, मग त्या मास्कला एवढे पैसे का मोजायचे?” प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही वस्तू लाल दिसतात आणि दोन्हींच्या खोक्यांवर ‘इन्फ्रारेड’ हा शब्द असू शकतो.

शेकाचा दिवा म्हणजे मुळात जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, बहुधा दीडशे वॉटच्या आसपासचा. आतली टंगस्टनची तार तापते आणि तिच्या ऊर्जेचा फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या, म्हणजेच उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. वर्णपटाच्या लाल टोकापलीकडे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढलेला खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1800 मध्ये पाहिला, तेच हे किरण. बल्बची काच लाल असते ती डोळे दिपू नयेत म्हणून; तिथे लाल रंग हा चाळणीचे काम करतो, उपचाराचे नाही. उपचार उष्णतेचा आहे. तिने रक्तप्रवाह वाढतो, आखडलेला स्नायू सैल होतो आणि दुखणे काही काळ कमी वाटते.

एलईडी मास्कमध्ये मात्र लाल रंग हेच औषध मानले आहे. त्यातले दिवे एका अरुंद पट्ट्यातला प्रकाश देतात: दिसणारा लाल साधारण 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि त्याच्या जोडीला बहुधा 830 ते 850 नॅनोमीटरचा, जवळजवळ न दिसणारा, निकट-अवरक्त प्रकाश. हा प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रियामधले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातले) एक एन्झाइम शोषून घेते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि कोलॅजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारे प्रथिन, तयार करणाऱ्या पेशींना चालना मिळते, असे यामागचे मुख्य स्पष्टीकरण आहे. प्रकाशोपचाराच्या या सगळ्या शाखेचा उगम मोठा गमतीचा आहे. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर मंद लेसर सोडला, आणि त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले.

सुरकुत्यांपुरते बोलायचे तर पुरावा आहे, पण तो जाहिरातीतल्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांइतका ठसठशीत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत 136 स्वयंसेवक होते; आठवड्यातून दोनदा, अशा तीस बैठकांनंतर त्वचेचा खडबडीतपणा कमी झाल्याचे आणि कोलॅजेनची घनता वाढल्याचे आढळले. मात्र त्यातली उपकरणे संपूर्ण अंगावर प्रकाश टाकणारी मोठी होती, कानांमागे पट्टा अडकवायचे मास्क नव्हते. घरगुती मास्ककडून डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा काही महिन्यांनी थोड्या पुसट होण्याची अपेक्षा ठेवावी. ओघळलेली हनुवटी त्याने वर जात नाही.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. शेकाच्या दिव्यातही 630 आणि 830 नॅनोमीटरचे किरण असतात, हे खरे. पण ते उष्णतेच्या लोंढ्यात मिसळलेले असतात, आणि त्यांची पुरेशी मात्रा मिळेपर्यंत कातडी भाजून निघेल. एलईडीचा हिशोब सरळ असतो: दर चौरस सेंटिमीटरला 30 मिलिवॉट या तीव्रतेने दहा मिनिटे प्रकाश घेतला, तर 18 ज्यूल ऊर्जा पोचते आणि त्वचा फार तर कोमट होते.

उष्णता सुरकुत्यांच्या बाबतीत नुसती निरुपयोगी नाही, उलट्या दिशेची आहे. वारंवार तापणाऱ्या त्वचेत कोलॅजेन तोडणारी एन्झाइम वाढतात. भाजण्याइतका नसला तरी रोजचा शेक एकाच जागी बसत राहिला की तिथे जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. काश्मीरमध्ये फिरनखाली, म्हणजे सैल अंगरख्याखाली, कांगडी (निखाऱ्यांचे भांडे) धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ते दिसतात. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या वर्णात वांग सहज उमटतो आणि उष्णतेने तो गडद होतो, म्हणून हा दिवा चेहऱ्यासमोर धरूच नये. वांग असेल तर मास्कही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावा. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असणाऱ्यांनी आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनीही तेच करावे. एका मोठ्या कंपनीने मुरुमांसाठीचा आपला प्रकाश-मास्क 2019 मध्ये याच कारणावरून बाजारातून परत घेतला होता.

खरेदी करताना खोक्याची मागची बाजू वाचावी. तिथे तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट, तीही किती अंतरावर मोजलेली, हे छापलेले असावे. नुसते वॉट लिहिलेले असतील आणि चालू केल्यावर वीतभर अंतरावर धरलेला तळहात मिनिटभरात मागे घ्यावासा वाटला, तर पुढच्या बाजूला काहीही छापलेले असो, ती वस्तू गुडघ्यासाठी आहे.