मॉडेल टर्बाइनचा ग्लो प्लग: निवड आणि तयारी

ग्लो प्लग म्हणजे वीज दिल्यावर तापून नारिंगी होणारी प्लॅटिनम मिश्रधातूची बारीक कॉइल बसवलेला छोटा प्लग. मॉडेल जेट विमानांच्या गॅस-स्टार्ट टर्बाइनमध्ये सुरुवातीचा प्रोपेन किंवा ब्युटेन तो पेटवतो. ज्योत धरली की त्याचे काम संपते. पुढे केरोसीन त्याच ज्योतीवर जळत राहते. बाजारात मिळणारा प्लग मात्र या कामासाठी बनलेलाच नसतो. पाकिटातून काढून तो तसाच इंजिनात बसवला की टर्बाइन बहुधा पेटत नाही, आणि दोष गॅसला, पंपाला किंवा इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटला दिला जातो.

ग्लो प्लग बाजारात आला तो अमेरिकेत, रे आर्डन यांच्यामुळे, १९४७ साली, आणि तो होता मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या पिस्टन इंजिनांसाठी. तिथे पिस्टन वर येताना मिश्रण दाबून थेट प्लगच्या पोकळीत ढकलतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होऊन उष्णता सुटते, त्यामुळे बॅटरी काढल्यावरही कॉइल तापलेली राहते. टर्बाइनमध्ये यातले काहीच नसते. हवा प्लगच्या तोंडावरून सरळ वाहून जाते, पोकळीत जुनी हवा कोंडून राहते आणि गॅस आतल्या कॉइलपर्यंत पोहोचत नाही. कॉइल थोडी बाहेर ओढून गॅसच्या वाटेत आणावी लागते ती यासाठी.

निवड

आटे सगळ्या प्रमाणित प्लगांचे एकच: पाव इंच व्यास, इंचाला ३२ आटे. नागपुरात हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर केसिंगचा बॉस, म्हणजे इंजिनाच्या कवचावरची प्लगची आट्यांची बैठक, करून घेणाऱ्याने नुसते ‘पाव इंची टॅप मारा’ म्हणू नये. कारखान्यात सहज हाताशी असलेले पाव इंची टॅप २०, २६ किंवा २८ आट्यांचे असतात. मेट्रिक एम-६ तर व्यासातच कमी पडतो. प्लगचा व्यास ६.३५ मिमी आहे. सोबत एक जुना प्लग मापाला न्यावा, तो बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

तोंडावर आडवी पट्टी असलेला प्लग घेऊ नये, त्यातून कॉइल बाहेर येत नाही. मॉडेल कारचे ‘टर्बो’ प्लगही नकोत. त्यांचे आटे ८ मिमी व्यासाचे आणि बैठक शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे ते या पाव इंची भोकात बसतच नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्लगचा आट्यांचा भाग लांब असतो, तो दहनकक्षाच्या भिंतीला टेकू शकतो. उरले साधे, उघड्या तोंडाचे, मध्यम ते गरम प्रकारचे (कॉइल जास्त तापलेली ठेवणारे) प्लग. एन्या ३, ओएस ८ आणि मॅककॉय ५९ ही टर्बाइनवाल्यांच्या तोंडी असलेली नावे याच गटातली. इंजिनाच्या पुस्तिकेत ठरावीक प्लग दिला असेल तर तोच घ्यावा. एकदम चार-पाच मागवावेत; हात बसेपर्यंत एखादी कॉइल तुटतेच.

केरोसीन-स्टार्ट, म्हणजे गॅसशिवाय थेट केरोसीनवर पेटणाऱ्या, टर्बाइनमध्ये वेगळा सिरॅमिक इग्नायटर असतो. त्याला ही तयारी लागू नाही.

कॉइल ओढणे

लागते ते थोडेच: बारीक टोकाची टाचणी किंवा शिवणाची सुई, भिंग, टोकदार चिमटा, १.५ व्होल्टचा पुरवठा आणि प्लग धरायला छोटा शिकंजा. शिकंज्यात षट्कोनी भाग धरावा, आटे नव्हेत.

कॉइलचे आतले टोक मधल्या दांड्याला आणि बाहेरचे टोक तोंडाजवळ प्लगच्या अंगाला जोडलेले असते. ही दोन्ही जोडणीची ठिकाणे नाजूक असतात. सुई कडेच्या जोडणीजवळ न घालता तिच्या पुढच्या वेढ्यात अडकवावी आणि अंगाच्या सरळ रेषेत, तिरकी न होऊ देता, हळू बाहेर घ्यावी. एका झटक्यात ओढू नये. थोडे ओढून भिंगातून पाहावे, मग सुई पलीकडच्या बाजूने घालून तेवढेच ओढावे. दोन ते तीन वेढे तोंडाबाहेर, म्हणजे साधारण २ ते ३ मिमी आले की थांबावे. बाहेरच्या वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी तरी फट दिसली पाहिजे, आणि कॉइल कडेला कुठेही टेकता कामा नये.

मग चाचणी. १.५ व्होल्ट दिल्यावर प्लग साधारण ३ अँपिअर घेतो. सगळे वेढे सारखे, पळसाच्या फुलासारखे नारिंगी दिसले की प्लग तयार. काही वेढे काळे राहिले आणि बाकीचे पिवळ्याकडे झुकले तर काळे वेढे एकमेकांना टेकले आहेत. वीज त्यांना टाळून जाते आणि उरलेल्या तारेवर जास्तीचा भार येतो. असा प्लग लगेच जळतो, म्हणून वीज बंद करून, सुईने फट पाडून पुन्हा पाहावे. चाचणी सावलीत करावी. मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात चांगला तापलेला प्लगही विझल्यासारखा दिसतो. कंट्रोल युनिटची ७.४ व्होल्टची बॅटरी थेट प्लगला लावणे म्हणजे प्लग फेकून देणे. युनिट तीच वीज तुकड्या-तुकड्याने सोडून सरासरी कमी ठेवते.

बाहेर आलेल्या कॉइलवरून वारा जातो, त्यामुळे टेबलावर नारिंगी दिसलेली कॉइल इंजिनात मंदावते. स्टार्टर (सुरुवातीला इंजिन फिरवणारी मोटर) फिरताना ती थंड पडते असे वाटले तर युनिटमधला ग्लो व्होल्टेज अगदी छोट्या पायरीने वाढवावा. पांढरट झाक आली की जास्त झाले.

बसवणे

तांब्याचा वायसर हवाच, कारण चालत्या इंजिनाच्या केसिंगमध्ये वातावरणापेक्षा बराच जास्त दाब असतो. आट्यांना उष्णता सहन करणारे तांबेयुक्त ग्रीस नखभर लावावे, कॉइलला लागू देऊ नये. आधी बोटांनी शेवटपर्यंत, मग ८ मिमीच्या पान्याने एका फेरीचा आठवा भाग ते पाव भाग. गरम इंजिनात प्लग कसू नये, काढूही नये. प्लगचा एक ध्रुव म्हणजे इंजिनाचे अंग, म्हणून अर्थची तार रंग नसलेल्या धातूवर घट्ट बसली पाहिजे. ‘प्लग खराब’ असा संदेश आला की आधी ही तार पाहावी, प्लग नंतर.

स्टार्ट न होण्याची कारणे

गॅसचा वास येतो पण ज्योत नाही: कॉइल पुरेशी बाहेर नाही, मंद आहे किंवा गॅस गरजेपेक्षा जास्त आहे. अशा वेळी लगेच पुन्हा प्रयत्न करू नये. गॅस बंद करून, स्टार्टर फिरवून आतली वाफ बाहेर घालवावी. साचलेला गॅस उशिरा पेटला की मोठा धडाका होतो आणि तापमान एकदम चढते.

ज्योत धरते आणि विझते: हा दोष बहुधा प्लगचा नसतो. गॅसचा डबा आडवा असेल तर वाफेऐवजी द्रव गॅस येतो आणि कॉइल गार करतो. डबा उभा, झडप वर.

पहिल्या दिवशी चालले, दुसऱ्या दिवशी नाही: कॉइल तापून लवली आणि कडेला टेकली असेल, म्हणजे ती जास्त ओढली गेली होती. तेलाचा थरही बसतो. टर्बाइनच्या केरोसीनमध्ये साधारण ५ टक्के तेल असते. प्लग बाहेर काढून काही सेकंद तापवला की थर जळून जातो. कॉइलला कापूस किंवा ब्रश लावू नये.

केरोसीन आत साचून पेटले तर मागून ज्वाळा निघतात. जवळ कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ठेवावे. पावडरचे चालेल म्हणणारे भेटतात, पण ती पावडर बेअरिंगमध्ये गेली की इंजिन उघडण्याखेरीज मार्ग नाही.

नागपूरच्या हवेत

प्लगची तयारी ऋतूप्रमाणे बदलत नाही, गॅस मात्र बदलतो. ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला, प्रोपेन उणे ४२ अंशांना. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर असताना शुद्ध ब्युटेनच्या डब्यात वातावरणाच्या वर जेमतेम अर्धा बार दाब असतो. गॅस रडतखडत येतो आणि माणूस विनाकारण प्लग बदलतो. तेव्हा प्रोपेनचे प्रमाण जास्त असलेला मिश्र डबा घ्यावा. मे महिन्यात ४५ अंशांना त्याच ब्युटेनचा दाब तीन बारच्या पुढे जातो. हिवाळ्यात लावलेली गॅसची सुई (प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) तशीच ठेवली तर मिश्रण इतके दाट होते की कॉइल लखलखत असूनही पेटत नाही, किंवा पेटलेच तर तापमान मर्यादेबाहेर जाते. सुई थोडी आवळून पाहावी. डबा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि नागपुरी उन्हात डिकी ती ओलांडते. घरगुती सिलिंडरमधून छोट्या डब्यात गॅस काढणे धोक्याचे आणि बेकायदेशीर आहे.

पावसाळ्यात त्रास होतो तो कनेक्टरचा. पितळी टोकांवर हिरवट थर चढला की रोध वाढतो, ०.१ ओहम वाढला तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे प्लगच्या वाट्याचा पाचवा हिस्सा. काळ्या मातीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ प्लगला फारसे काही करत नाही, कंप्रेसरला करते. चाचणी स्टँडखाली ताडपत्री अंथरून पाणी मारावे.

सोनेगावचा विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे मॉडेल उडवण्याआधी ड्रोन आणि मॉडेल विमानांसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहावे लागते.